यंत्र बिघडत नाही, सांधा बिघडतो

"मशीन गेलं, सर!" मागच्या मे महिन्यात अथणीकडच्या एका शेतात मी हे वाक्य मोठ्या आत्मविश्वासाने उच्चारले. भूगर्भशास्त्राचे आम्ही सहा विद्यार्थी सरांबरोबर रेझिस्टिव्हिटी मीटर घेऊन तेथे गेलो होतो. शेतकरी आजोबांच्या दोन बोअर कोरड्या गेल्या होत्या. तिसरीसाठी कर्ज काढले होते आणि जागा आम्ही दाखवायची होती.

या यंत्राची रीत साधी आहे. जमिनीत एका रेषेत चार खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन खुंट्यांमधील दाब मोजायचा. कॉनराड श्लुंबर्जर यांनी फ्रान्समध्ये या तऱ्हेचे प्रयोग १९१२ साली सुरू केले. घट्ट, कोरडा काळा पाषाण प्रवाहाला फार विरोध करतो, भेगाळलेला आणि पाणी मुरलेला कमी. खुंट्यांतील अंतर वाढवीत गेले की अधिक खोलीचा अंदाज येतो.

आमच्या यंत्राचा दिवा लागे. पण प्रवाहाचे बटण दाबताच सारे बंद पडे. मी मल्टीमीटर लावला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली! तेव्हा दोष यंत्राचाच, असा निकाल देऊन आम्ही सामान आवरू लागलो. आजोबा कानडीत म्हणाले, "तम्मा, वायरीची टोकं बघितलीस का? माझी मोटार बंद पडली की मी आधी तेच बघतो."

बॅटरीच्या चिमट्याखाली पांढरट-हिरवी बुरशी साचली होती. पॉलिश पेपरने घासून चिमटा घट्ट आवळला आणि यंत्र सुरू झाले. शरमेची गोष्ट अशी, की कारण मला पाठ होते. सांध्याचा रोध अर्धा ओहम धरला आणि यंत्राने ४ अँपिअर ओढले, तर २ व्होल्ट त्या सांध्यातच खर्ची पडतात. यंत्राच्या वाट्याला उरतात १०.६. बॅटरी मात्र भार नसताना ऐटीत १२.६ दाखवते. म्हणून दाब मोजायचा तो भार चालू असताना आणि यंत्राच्या टोकाशी. ओहमचा नियम १८२७ सालचा. मी तो परीक्षेत किती वेळा लिहिला असेन! शेतात मात्र तो आठवला नाही.

पण बंद पडलेले यंत्र निदान प्रामाणिक असते. खरा धोका पुढे होता. यंत्र चालू लागले, पण आकडे नाचू लागले. उन्हाने तडकलेल्या काळ्या मातीत एक खुंटी सैल बसली होती. तीन वेळा मोजून तीन उत्तरे आली. त्यांतले सोयीचे वहीत टिपण्याचा मोह, खरे सांगतो, मला झाला. सरांनी तो होऊ दिला नाही. प्रवाह बंद करून (बाहेरच्या खुंट्यांवर शेकडो व्होल्ट असू शकतात, हे विसरू नये) खुंटी खोल ठोकली, भोवती मिठाचे पाणी ओतले. मग बाहेरच्या आणि आतल्या खुंट्यांच्या तारांची अदलाबदल करून पुन्हा मोजले. सारे नीट असेल, तर आकडा जवळजवळ तोच यावा लागतो. तो आला, तेव्हाच सरांनी वही उघडू दिली.

वाचकहो, सैल खुंटीचा आकडा वहीत उतरला की त्याचा आलेख होतो, आलेखाची जागा होते आणि त्या जागेवर कुणाचे तरी कर्ज जमिनीत जाते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की दोष शोधणे हा आपल्या प्रात्यक्षिकाचा भाग असला पाहिजे. आज आपण प्रयोगशाळेत शिरतो तेव्हा मदतनीसांनी सारी जोडणी करून ठेवलेली असते. आपण बटणे फिरवतो, आकडे लिहितो, गुण घेतो. त्याऐवजी दहा गुणांसाठी मुद्दाम एक तुटकी तार, एक गंजलेला चिमटा किंवा उतरलेली बॅटरी द्यावी आणि म्हणावे, "चालू करून दाखवा."

महागडी यंत्रे मुलांच्या हाती कशी द्यावी, असा आक्षेप येईल. तो अगदीच चुकीचा नाही. पण यंत्राची पेटी उघडा, असे मी म्हणत नाही. बॅटरी, तारा, चिमटे, खुंट्या या साऱ्या पेटीच्या बाहेरच असतात आणि निदान आमचे त्या दिवशीचे दोन्ही दोष तेथेच सापडले.

पदवी घेऊन आपल्यापैकी कोणी ना कोणी पुन्हा अशा शेतात उभा राहणार आहे. त्या वेळी सर बरोबर नसतील, आणि वायरीची टोके बघितलीस का, असे विचारणारे आजोबाही प्रत्येक बांधावर भेटतीलच असे नाही.