कोरेगाव पार्कातला जर्मन

पुणेकराला गाण्यातले कळते, हे पुणेकर स्वतःच सांगत असल्यामुळे त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण 1953 पासून सवाई गंधर्व महोत्सव भरवणाऱ्या या शहरात, कोरेगाव पार्कात, एक जर्मन वादक वर्षानुवर्षे राहून गेला, त्याच्या येथल्या ध्वनिफिती जगभर पोचल्या, आणि आमच्या पेठांना त्याची वार्ताही नाही! त्याचे नाव गेओर्ग डॉयटर.

डॉयटरचा जन्म 1945 चा. म्हणजे जर्मनी धुळीला मिळाली त्या वर्षाचा. त्याच्या पिढीला बापाची गाणी गाववेनात आणि इंग्रज-अमेरिकनांची उसनी गाणी पुरेनात. मग या पोरांनी शब्द सोडले, ठेका सैल केला आणि विजेच्या यंत्रांतून ग्रहताऱ्यांत तरंगल्यासारखे आवाज काढायला आरंभ केला. बर्लिनमध्ये 1967 साली ‘टँजरीन ड्रीम’ हा वाद्यवृंद निघाला. त्याच्या 1970 च्या पहिल्या तबकडीचे नावच ‘इलेक्ट्रॉनिक मेडिटेशन’. म्युनिकचा ‘एम्ब्रियो’ हा वृंद तर 1978 मध्ये बसगाडीने अफगाणिस्तानमार्गे थेट भारतात आला. इंग्रज समीक्षकांनी या साऱ्याला ‘क्राउटरॉक’ म्हटले. जर्मनांचा आंबवलेला कोबी प्रसिद्ध, तेव्हा हे कोबीवाल्यांचे संगीत! हेटाळणीचे ते नाव पुढे मानाचे झाले.

तरुणपणी मोटार अपघातात मरता मरता वाचल्यावर डॉयटरने संगीत हेच आयुष्य मानले. बासरी, गिटार तो आपले आपणच शिकला. 1971 साली त्याची ‘डी’ ही पहिली तबकडी निघाली. तीत एका रचनेचे नाव आहे ‘मासे आणि आईस्क्रीम खाणारा कृष्ण’. आमचा कृष्ण बिचारा दहीलोण्यावर संतुष्ट!

मग तो पुण्यास आला. 1974 मध्ये येथे आलेल्या आचार्य रजनीशांच्या आश्रमात तो चैतन्य हरी झाला. त्या आश्रमाविषयी पुण्यात जे बोलले गेले त्यात मी भर घालीत नाही. मला कुतूहल आहे ते तेथल्या ध्यानासाठी त्याने केलेल्या संगीताचे. ‘डायनॅमिक’ ध्यान तासाभराचे. पहिली 10 मिनिटे झपाझप श्वास, पुढची 10 मिनिटे रडणे-ओरडणे, त्यापुढे 10 मिनिटे उड्या, मग 15 मिनिटे पुतळ्यासारखे स्तब्ध आणि शेवटी 15 मिनिटे नाच. संगीत बदलले की साधकाने ओळखावे, पायरी बदलली; घड्याळ पाहायला नको. स्तब्धतेच्या वेळी काहीच वाजत नाही. पाव तासाची शांतता हाही रचनेचाच भाग!

‘याला काय संगीत म्हणायचे?’ असे आमचे एक गानप्रेमी स्नेही विचारतात. ना राग, ना बंदिश, ना दाद. मला हा आक्षेप पटत नाही. आमच्या आज्या जात्यावर ओव्या म्हणत त्या काय दाद मिळवायला? दळणाचा हात चालता राहावा आणि मनातले ओठांवर यावे, यासाठीच ती गाणी होती. फ्रान्सहून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइट्वाँ आणि हेमा राईरकर यांनी अशा लाखावर ओव्या गोळा केल्या, तेव्हा कोठे त्या गाण्यांचे मोल आम्हांला थोडेफार उमगले. डॉयटरचे संगीतही ऐकण्याचे नव्हे, काही करताना सोबत घेण्याचे. मात्र एक फरक मला खटकतो. ओवीत बाई आपले दुःख आपल्या शब्दांत सांगते. या संगीतात ज्याने त्याने आपापले रडायचे, शब्द कोणाचेच नाहीत. मराठीच्या मास्तराला ही उणीव जाणवणारच.

1985 मध्ये डॉयटर अमेरिकेत सांता फे येथे राहावयास गेला. पुढे त्याचे संगीत अधिकाधिक मऊ होत गेले. बासरी, पाखरे, समुद्राच्या लाटा. पहिल्या तबकडीतला तो खट्याळपणा तीत सापडत नाही, याची मला हळहळ वाटते.

आमच्या सौभाग्यवतींच्या योगवर्गात शवासनाला त्याचीच बासरी लावतात. ही कोणाची, म्हणून तिने विचारले, तेव्हा वर्गाच्या बाई म्हणाल्या, ‘‘असेल कुणीतरी तिकडचा, परदेशातला.’’