अनुमान यंत्राचे, प्रत्यक्ष मनुष्याचे

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. राज्य शासनानेही जून 2025 मध्ये ‘महाॲग्री-एआय’ धोरण संमत करून पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी रुपयांची तरतूद केली. आम्ही याचे स्वागतच करतो. पाण्याचा वा खताचा सल्ला पटला नाही, तर शेतकरी तो बाजूला ठेवू शकतो. परंतु हेच तंत्र शिधा, निवृत्तिवेतन वा उपचार यांची पात्रता ठरवू लागले, तर लाभार्थ्यास ते स्वातंत्र्य उरत नाही.

तेलंगणात ‘समग्र वेदिका’ या संगणकीय प्रणालीच्या आधारे शिधापत्रिका रद्द झाल्या. नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे वाहन गरिबाच्या नावे धरले गेल्याचे प्रकार उघडकीस आले. अखेर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला प्रत्यक्ष फेरतपासणीचा आदेश द्यावा लागला. नेदरलँड्ससारख्या संपन्न देशातही बालसंगोपन-अनुदानाच्या अशाच प्रकरणात जानेवारी 2021 मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. तेथील कुटुंबे कर्जबाजारी झाली. आपल्याकडे तर चूलच विझते.

चरकाचार्यांनी विमानस्थानात रोगज्ञानासाठी आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान ही तीन साधने सांगितली आहेत. केवळ अनुमानावर चिकित्सा करणाऱ्यास आपण वैद्य म्हणत नाही. यंत्र नोंदींवरून अनुमानच करते. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीतील परप्रांतीय कामगार किंवा इंदापूरच्या फडांत सहा-सहा महिने राबणारा ऊसतोड मजूर यांची नोंद एका गावी, तर संसार दुसऱ्या गावी असतो. अशांच्या बाबतीत प्रत्यक्षाशिवाय अनुमान घातक ठरते.

केंद्र शासनाच्या नोव्हेंबर 2025 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तूर्त स्वतंत्र कायद्याची आवश्यकता नाही, अशी भूमिका घेतली. उद्योगांपुरती ती समजण्यासारखी आहे. कल्याणकारी योजनांपुरती मात्र आम्हास अपुरी वाटते. युरोपीय संघाच्या 2024 च्या कायद्याने शासकीय लाभांची पात्रता ठरविणाऱ्या प्रणाली ‘अतिजोखमीच्या’ वर्गात घातल्या आहेत. आपल्याकडे निदान तीन बंधने हवीत: प्रत्यक्ष पडताळणीवाचून लाभ बंद करू नये, नकाराचे कारण मराठीत लेखी, जबाबदार अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीने द्यावे, आणि तालुक्याच्या ठिकाणी ठरावीक मुदतीत अपील निकाली निघेपर्यंत लाभ चालू ठेवावा.

आयुष्मान भारत योजनेतील संशयास्पद दावे शोधण्यासाठीही हे तंत्र वापरले जाते. त्यामुळे हा प्रश्न आपल्या रुग्णांच्या दारापर्यंत आलेला आहे. वैद्यसंघटनांनी याविषयी शासनास निवेदने द्यावीत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.