चाळणी किती बारीक?

समजा, तुमच्या ग्रुपमधल्या दोघांचं लग्न ठरलंय. दोघंही ठणठणीत. पण रक्त तपासलं आणि दोघंही थॅलेसेमियाचे वाहक निघाले. म्हणजे प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर असण्याची शक्यता २५ टक्के. असं मूल दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवून घेत मोठं होतं; अंगात साठणारं लोह काढायची औषधं वेगळीच.

या जोडप्यापुढे आज एक वाट आहे. आयव्हीएफनं प्रयोगशाळेत भ्रूण तयार करायचे, साधारण पाचव्या दिवशी प्रत्येकाच्या काही पेशी काढून तपासायच्या आणि ज्यात तो आजार नाही, तोच भ्रूण गर्भाशयात सोडायचा. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या संशोधकांनी १९९० मध्ये या तंत्राचं पहिलं यश जाहीर केलं. ही वाट खर्चिक आहे, शरीराला त्रासाची आहे आणि शंभर टक्के खात्रीचीही नाही. तरीही कुणी ती धरली, तर त्यांना नावं ठेवायचा अधिकार तुम्हा-आम्हाला नाही.

प्रश्न पुढे आहे. हीच चाळणी आणखी बारीक करायची का? स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारं जनुक सापडलं, तर? ते असूनही आजार होईलच असं नाही. झालाच तरी बहुधा अनेक वर्षांनी. अमेरिकेत तर काही कंपन्या भ्रूणाची उंची आणि बुद्ध्यांक यांचेही अंदाज विकतात. थॅलेसेमिया एका जनुकातल्या बिघाडाने होतो. उंची-बुद्धीमागे मात्र हजारो जनुकीय फरक असतात, शिवाय घर, शाळा आणि ताटातलं जेवण. हातात असतात मोजके भ्रूण. त्यातून 'हुशार' मूल निवडणं म्हणजे अंदाजाला विज्ञानाचा कोट घालणं.

'आई-बाप बघून घेतील की, आपल्याला काय करायचंय?' असं वाटतंय? मग आपल्याच राज्याचा इतिहास आठवा. गर्भजल परीक्षा आली ती बाळातले दोष शोधायला. बघता बघता ती मुलगी शोधायला वापरली गेली. १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी याविरुद्ध कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे १९९१ ला ९४६ मुली होत्या, त्या २०११ ला ८९४ झाल्या. तेव्हाही प्रत्येक घर हेच म्हणत होतं, 'आमचा खासगी निर्णय आहे.' पण हजारो खासगी निर्णयांची बेरीज सगळ्या समाजाला भोगावी लागते.

म्हणून रेघ हवी. आपल्या २०२१ च्या सहाय्यक जननतंत्र कायद्याने ती आखली आहे: तपासणी ज्ञात आनुवंशिक आजारांसाठी, लिंगनिवडीसाठी नाही. ही रेघ योग्य आहे आणि 'बाजारात मागणी आहे' म्हणून ती पुसू देता कामा नये.

आणखी एक. थॅलेसेमिया आणि सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहेत. हे आजार घेऊन जगणारी मुलं तुमच्या वर्गातही असतील. पैसेवाले चाळणी लावून सुटले आणि गडचिरोली-नंदुरबारच्या सिकलसेल रुग्णाला मात्र रक्त आणि औषध वेळेवर मिळेना, तर आपण आजार हटवला नाही, फक्त गरिबाच्या दारात नेऊन ठेवला.

तुम्ही काय करू शकता? लग्नाआधी थॅलेसेमिया आणि सिकलसेलसाठी रक्त तपासून घ्या. घरचे पत्रिका जुळवत बसतील, तेव्हा तो रिपोर्ट शेजारी ठेवा. 'वाहक' असा शेरा आला, तर लाजू नका, लपवू नका; डॉक्टरांशी बोला. आणि कधी भ्रूण निवडायची वेळ आलीच, तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: मी मुलाच्या वाट्याचं दुखणं टाळतोय, की मला हवं तसं मूल मागवतोय?