दशमुळांच्या मुळावर

झुडपी जंगलाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २२ मे २०२५ चा निकाल आला आणि लगेच ‘विदर्भाच्या विकासाचा मार्ग मोकळा’ असा गजर सुरू झाला. गजर करणाऱ्यांपैकी किती जणांनी निकालपत्र उघडून पाहिले, हा प्रश्नच आहे. झुडपी जंगल हे जंगलच आहे, ही त्या निकालातली पहिली आणि मुख्य गोष्ट. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी ज्या जमिनी रीतसर वाटल्या गेल्या, त्यांच्यापुरता अपवाद न्यायालयाने केला. तोही केंद्राच्या मंजुरीची पायरी चढूनच. नागपूरच्या ज्या वस्त्यांमधील गोरगरिबांची घरे ‘झुडपी जंगल’ या महसुली नोंदीपायी वर्षानुवर्षे टांगणीला लागली होती, त्यांना दिलासा मिळाला हे योग्यच झाले. त्यांचे पट्टे उद्याच द्या, कोणाची हरकत नाही. पण झोपडीच्या आडून पुढे येणारा बिल्डर आम्हाला ओळखता येतो.

राज्याच्या दप्तरी या झुडपी जंगलातली ८६,४०९ हेक्टर जमीन वनव्यवस्थापनास अयोग्य. का, तर मुरमाड, खडकाळ, खुरटी. तिथे इमारती लाकूड उभे राहत नाही, म्हणून ती निरुपयोगी. हा हिशेब इंग्रजांच्या काळातल्या लाकूडठेकेदाराचा आहे आणि आपले महसूल खाते आजही त्याच चष्म्यातून जमिनीकडे पाहते. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत गावाच्या शिवेवर पसरलेल्या या जमिनींवर काय उगवते, हे तलाठ्याच्या सातबाऱ्यात लिहिलेले नसते. ते गुराख्याला विचारावे लागते.

दशमूळ घ्या. बाळंतिणीच्या काढ्यापासून दशमूलारिष्टाच्या बाटलीपर्यंत घराघरांत गेलेले औषध. त्याच्या दहा मुळांपैकी पाच मोठ्या झाडांची: बेल, टेटू, शिवण, पाडळ, अरणी. उरलेली पाच लहान वनस्पतींची: सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी आणि गोखरू, म्हणजे आपले सराटे. रिंगणी मुरमाला चिकटून जमिनीसरपट पसरते. काट्यांनी भरलेली पाने, जांभळी फुले, पिकली की पिवळी होणारी गोल फळे. चुकून पाय पडला तर माणूस शिवी हासडतो. खोकल्या-दम्यावर वैद्य शेकडो वर्षे वापरत आले ती हीच. रिंगणी, डोरली, सराटे माळावर आणि बांधावर. सालवण, पिठवण झुडपांच्या आडोशाला. दशमुळाचा निम्मा संसार अशाच जमिनीवर, आणि सरकारच्या लेखी ती पडीक!

आणि ही यादी दशमुळापाशी संपत नाही. शतावरी, कुडा, मुरडशेंग, बेहडा, बिब्बा, चारोळी, पळस, पुनर्नवा, पहिल्या पावसाबरोबर उगवणारा आणि गरिबाच्या ताटात भाजी होऊन येणारा तरोटा. ज्या गावातून प्राथमिक आरोग्य केंद्र दूर आणि केंद्रात डॉक्टर त्याहून दूर, तिथे हे झुडूपच पहिला आधार असते. शहरी वाचकाने ‘हा गावठी उपचारांचा कौतुकसोहळा’ म्हणून नाक मुरडू नये. कोरोनाच्या काळात गुळवेलीसाठी कोण धावले होते, ते आठवावे.

मूळ वापरायचे म्हणजे झाड उपटायचे. पूर्वी शतावरीच्या काही मुळ्या काढून कोंब पुन्हा मातीत दाबण्याची रीत होती. आता व्यापाऱ्याला माल हवा, तोही आजच. पिठवण विरळ झाली, तेव्हा तिच्या जागी दुसरेच काही मिसळले जाऊ लागले; मुळांऐवजी खोडाची साल दळली जाऊ लागली. बाटलीवरचे नाव तेच, आतला माल भलता. जमीन गेली की औषधही जाते, ते असे. आयुष मंत्रालय थाटायचे, आयुर्वेद दिन साजरा करायचा आणि वनस्पती उगवते ती जागा मात्र ‘लँड बँक’मध्ये जमा करायची, ही शुद्ध लबाडी आहे.

तोडलेल्याच्या बदल्यात नवे जंगल लावू, हे उत्तर ठरलेलेच. ते उत्तर विदर्भाने पुरते पाहिले आहे. नागपुरातच मुख्यालय असलेल्या वनविकास महामंडळाने मिश्र जंगले कापून सागाच्या रांगा लावल्या. त्या रांगांना जंगल म्हणायचे तर ऊसमळ्यालाही म्हणता येईल. गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखनिज प्रकल्पासाठी सुमारे ९३७ हेक्टर वनजमीन आणि १ लाख २३ हजार झाडांवर २०२५ मध्येच पाणी सोडले गेले. त्या मोजणीत बुंधे मोजले; बुंध्यांखालची सालवण कोणी मोजली? पर्यायी वनीकरणासाठी झुडपी जमीन वापरण्याची वाटही न्यायालयाने अरुंद केली आहे: वनेतर जमीन नाही, असे मुख्य सचिवांनी लिहून द्यायचे आणि मग दुप्पट क्षेत्र घ्यायचे. असे प्रमाणपत्र मिळायला आपल्याकडे किती वेळ लागतो, हे सांगण्याची गरज नाही.

राज्य जैवविविधता मंडळ कुठे आहे? नागपुरात. वनखात्याचे मुख्यालय? तेही नागपुरात. गावोगावच्या वनस्पतींची लोक जैवविविधता नोंदवही करणे २००२ च्या जैवविविधता कायद्याने बंधनकारक. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत आणि त्यानंतर महिन्याला १० लाखांच्या वसुलीचा बडगा दाखवला, तेव्हा देशभर वह्या भराभर ‘पूर्ण’ झाल्या. या वह्यांचा उपयोग जमीन देताना एकदा तरी झाला काय? लाभाच्या वाटणीचीही तीच गत. दिव्य फार्मसी या औषध कंपनीच्या प्रकरणात उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, देशी कंपन्यांनीही वनस्पती जपणाऱ्यांना लाभाचा वाटा द्यावा, असे बजावले होते. संसदेने २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध ज्ञानाला त्यातून सूट देऊन टाकली. दशमूळ ग्रंथात आहेच. म्हणजे रिंगणी राखणाऱ्या गावाच्या हाती काय, तर काटे.

निकालाने अतिक्रमणाची जबाबदारी उपविभागीय अधिकाऱ्यावर टाकली आहे आणि ३ हेक्टरांहून लहान, जंगलाला न लागलेले तुकडेही संरक्षित वन घोषित करायला सांगितले आहे. या कलमांबद्दल गजर करणारे गप्प आहेत. म्हणून सरकारला रोखठोक सांगणे आहे. लहान तुकड्यांची अधिसूचना आधी काढा. गरिबांच्या घरांची प्रकरणे वेगळी काढून ती मार्गी लावा. बाकीच्या प्रत्येक गटाची वनस्पती-नोंद ग्रामसभेसमोर वाचून दाखवा. तोवर यातल्या एकाही हेक्टरचा प्रस्ताव दिल्लीला जाता कामा नये.