खेळाची नवी आवृत्ति आणि घरची भर

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं बारा ते वीस वर्षांचीं नातवंडें आहेत, त्यांनीं ‘अपडेट आलें, मॉड मोडले!’ हा आक्रोश एकदां तरी ऐकिला असेल. वडील माणसें तिकडे सहसा लक्ष देत नाहींत. खेळ तो खेळ, त्यांत मोडण्यासारखें काय असतें, असें त्यांस वाटतें. या महिन्यांत आम्हीं त्याचाच विचार करण्याचें योजिलें आहे. कारण मोडतें तें पुष्कळदां दोन-तीन वर्षांच्या मेहनतीचें काम असतें, आणि थोडी व्यवस्था राखिली तर तें वांचवितां येतें.

उदाहरणादाखल ‘द सिम्स ४’ हा संगणकावरील खेळ घेऊं. तो २०१४ च्या सप्टेंबरांत निघाला, आणि २०२२ च्या ऑक्टोबरापासून मूळ खेळ विनामूल्य मिळूं लागला. त्यांत जिंकणें-हरणें नाहीं. घर बांधावें, माणसें घडवावीं, त्यांचीं लग्नें लावावीं, मुलेंबाळें वाढवावीं, म्हाताऱ्यांस निरोप द्यावा, असा तो प्रपंचच आहे. भरल्या घरांत वाढलेल्या मुलांस तो कां आवडतो हें निराळें सांगावयास नको. परंतु खेळाबरोबर आलेल्या सामानानें सर्वांचें समाधान कसें व्हावें? २०२१ मध्यें मुंबईच्या फॅशन स्ट्रीटच्या धर्तीवर कपड्यांचा एक लहानसा संच निघाला खरा. पण ज्याला नेमकें आपल्या आजीच्या वळणाचें लुगडें हवें, त्यानें काय करावें? अशा वस्तु देशोदेशींचे हौशी लोक घरबसल्या तयार करितात, आणि मुलें त्या उतरवून घेऊन ‘मॉड्स’ नांवाच्या कप्प्यांत ठेवितात.

ही बाहेरची भर दोन जातींची असते. पहिली वस्तुरूप, म्हणजे कपडा, केशरचना, कपाट. दुसरी आज्ञारूप, ती खेळांतील माणसांचें वागणेंच बदलते व पायथॉन नांवाच्या संगणकी भाषेंत लिहिलेली असते. पहिली जात बरीच सोशीक. खेळाची नवी आवृत्ति आली तरी लुगडें बहुधा लुगडेंच राहतें. दुसरी मात्र फार नाजुक. याचें कारण संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस चटकन् पटेल. समजा, एकाद्या टीकाकारानें मूळ सूत्रांचे नुसते क्रमांक देऊन आपली टीका लिहिली, आणि पुढें सूत्रकारानेंच मध्यें चार नवीं सूत्रें घालून दोन जुनीं काढून टाकिलीं. टीकेचें एक अक्षरहि बदललें नाहीं. तरी ती आतां भलत्याच सूत्रावर बोलूं लागते. (पाणिनीनें आमच्यावर ही वेळ आणिली नाहीं, हे त्याचे उपकार.) २०१८ च्या नोव्हेंबरांत या खेळांतील पायथॉन ३.३ वरून ३.७ वर नेण्यांत आली, तेव्हां आज्ञारूप मॉड सरसकट निकामी होऊन त्यांच्या कर्त्यांस ते नव्यानें बांधावे लागले. २०२३ च्या मार्चांत रांगतीं बालकें सर्वांच्या खेळांत आलीं, तेव्हांहि पुष्कळ मॉड असेच गोत्यांत आले.

म्हणून नवी आवृत्ति येतांच हा खेळ सगळी बाहेरची भर आपण होऊन बंद करितो. तें शहाणपणाचेंच आहे. परंतु खरा धोका याच क्षणीं असतो.

आमच्या नातीनें या खेळांत तीन वर्षांपासून एक कुटुंब वाढवीत आणिलें आहे. त्यांतील थोरली बाई म्हणजे आमचें दिवंगत कुटुंब: तोच अंबाडा, तसेंच निळें लुगडें. खेळांत वय थांबविण्याची सोय आहे, तिचा नातीनें उपयोग केला आहे. आतां भर बंद असतांना असें कुटुंब उघडलें, तर काय दिसतें? बाहेरून आणिलेलें कपाट जागेवर नाहीं, अंबाडा गेलेला, लुगड्याच्या ठिकाणीं भलताच पोशाख. पाहणाऱ्याच्या पोटांत धस्स होतें. पण एवढ्यानें अद्याप कांहींच बिघडलेलें नसतें. जतन न करितां बाहेर पडावें, खेळाच्या ‘ऑप्शन्स’मध्यें बाहेरच्या सामग्रीची व आज्ञारूप मॉडांची अशा दोन निराळ्या खुणा असतात, त्या पुन्हां कराव्या, खेळ बंद करून नव्यानें सुरू करावा, कीं वस्तु जागच्या जागीं येतात. मात्र घाबरून त्याच अवस्थेंत ‘सेव्ह’ दाबिलें, तर ती रिकामी खोलीच कायम होते. मॉड पुन्हां उतरवून घेतां येतो. जतन केलेला खेळ मात्र जगांत दुसऱ्या कोणापाशीं नसतो, आणि म्हणून आधीं तो सांभाळावयाचा.

त्यासाठीं नवी आवृत्ति घेण्यापूर्वीं ‘डॉक्युमेंट्स’मधील ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ या कप्प्यांत जो ‘द सिम्स ४’ कप्पा असतो, त्याची सबंध नक्कल करून घ्यावी. जागा कमी असेल तर निदान ‘सेव्ह्ज’, ‘ट्रे’ व ‘मॉड्स’ या तिहींची. नक्कल पेनड्राइव्हवर ठेवावी व तिच्यावर तारीख घालावी. खेळ स्वतःहि मागील पांच प्रति राखून ठेवितो. परंतु घडोघडीं ‘सेव्ह’ दाबणाऱ्या मुलाच्या त्या पांच प्रति एका दुपारींच संपतात. आवृत्ति आपोआप उतरण्याची जी सोय असते, ती ईए अ‍ॅपमध्यें बंद करितां येते. ती बंदच बरी, म्हणजे पाहुणा दार ठोठावून तरी येईल.

नवी आवृत्ति आल्यावर ‘मॉड्स’ कप्पा रिकामा करून त्यांतील सर्व ऐवज बाहेर ठेवावा, ‘लोकलथंबकॅश’ ही साठवणीची फाइल काढून टाकावी (खेळ ती पुन्हां निर्माण करितो), आणि प्रथम एक नवें, चार दिवसांचें खोटें कुटुंब मांडून खेळून पाहावें. तें नीट चाललें, तर मग ज्यांच्या कर्त्यांनीं नवी प्रत दिली आहे ते आज्ञारूप मॉड आंत घ्यावे, वस्तु त्यामागून. व्यवस्थेची अति आवड असणारांस येथें एक इशारा. कप्प्यांत कप्पा, त्यांत कप्पा अशी रचना वस्तूंस चालते. आज्ञारूप फाइल एका कप्प्याहून खोल ठेविली तर खेळास ती सांपडतच नाहीं.

इतकें करूनहि दोष राहिला, तर तो शोधण्याची रीत मोठी सुरेख आहे. समजा, मॉड ४०० आहेत. निम्मे बाहेर काढावे. दोष तसाच राहिला तर तो आंतल्या २०० त आहे, नाहींसा झाला तर बाहेरच्या २०० त. दोषी निमेची पुन्हां निमे करावी. अशानें ४०० चे २००, मग १००, ५०, २५, आणि नवव्या खेपेस एकटा अपराधी हातीं लागतो. एकेक काढून पाहणाऱ्यास ४०० खेपा पडण्याचीहि पाळी येईल! मुलांस लघुगणक शिकवितांना असें उदाहरण आम्हांस कधीं मिळालें नाहीं. जे मॉड एकमेकांवर अवलंबून असतात ते मात्र एकाच निमेंत ठेवावे, नाहींतर नसता दोष दिसूं लागतो. अपराधी दोन असतील, तर पहिला सांपडल्यावर हीच खटपट पुन्हां करावी लागते.

मॉडांचे कर्ते बहुतेक हौशी असतात. नोकरी किंवा अभ्यास सांभाळून हें काम करितात. आवृत्ति आल्याच्या दुसऱ्याच दिवशीं ‘आमचें केव्हां होणार?’ म्हणून त्यांच्यामागें तगादा लावणें अगदीं अशिष्ट होय. आठ-पंधरा दिवस मूळ खेळच खेळावा. मुलांस तें जड जातें, पण जमतें. एकाद्या कर्त्यानें काम सोडून दिलें असेल, तर त्याचा आज्ञारूप मॉड मोडतांच मोह न धरितां काढून टाकावा. वस्तूंस हा नियम इतका कडक लावण्याचें कारण नाहीं. आमच्या घरचें तें निळें लुगडें करणारीनें पुढें नवी प्रत काढिली नाहीं, तरी तें अजून नीट चालतें. आणि ज्या ठिकाणाहून तें उतरविलें तें ठिकाण आतां बंद झालें असल्यामुळें नातीनें त्या एका फाइलीच्या दोन नकला दोन निराळ्या पेनड्राइव्हांवर घेऊन एक आमच्या कपाटांत ठेविली आहे.