नकलेची उगवण पाहावी

आपल्या खतबियाण्यांच्या दुकानांचे हिशेब आतां संगणकावर आले. ‘रोज बॅकअप, म्हणजे नक्कल, निघते’ एवढ्यावर मालक निश्चिंत असतात. ती उघडून कोणी पाहत नाहीं. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या संगणक-कंपनीची माहिती चुकून पुसली गेली, तेव्हां रोजच्या नकला निघतच नव्हत्या असें आढळलें. योगायोगानें सहा तासांपूर्वींची एक प्रत सांपडली म्हणून निभावलें. पेरणीपूर्वीं आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटांत ठेवून उगवण पाहतों. तद्वत् दर तिमाहीस नक्कल दुसऱ्या संगणकावर उतरवावी, दहा खात्यांच्या बाक्या पावत्यांशीं ताडाव्या, व हें काम हिशेबनिसाखेरीज दुसऱ्यानें करावें. बाकीचा तंटा उठल्यावर न उघडणारी नक्कल कोणाच्याच उपयोगी नाहीं.