मांडव उठल्यानंतरची जबाबदारी

ग्वाल्हेरचा व्यापार मेळा माधवराव शिंदे यांनी १९०५ साली सुरू केला, तेव्हा त्यात प्रामुख्याने गुरांची खरेदी-विक्री चाले. आज तेथे गिऱ्हाइकांची झुंबड उडते ती मोटारगाड्यांच्या दालनांपुढे, आणि तिचे कारण गाड्यांत नसून सरकारी अधिसूचनेत आहे. मेळ्यात विकल्या जाणाऱ्या खाजगी गाड्यांच्या आजीव करात मध्य प्रदेश सरकारने अलीकडच्या अनेक वर्षांत निम्मी सूट दिली; २०२४ साली उज्जैनच्या मेळ्यालाही तीच सवलत लागू झाली. १० लाखांच्या गाडीवर शेकडा ८ असा दर धरला, तर ४० हजार रुपये वाचतात. गाडी जितकी महाग तितकी सूट मोठी, हा या औदार्यातील दोष उघड आहे. परंतु तो स्वतंत्र चर्चेचा विषय होईल.

येथे लक्षात घेण्याजोग्या आहेत त्या सवलतीच्या अटी. गाडीची कायम नोंदणी ग्वाल्हेरच्याच परिवहन कार्यालयात झाली पाहिजे. बाहेरगावच्या विक्रेत्याने त्या कार्यालयाचे व्यापार प्रमाणपत्र घेतले पाहिजे, आणि मेळ्याच्या आवारात त्याने प्रत्यक्ष हजर असले पाहिजे. या अटी नसत्या, तर भोपाळ-इंदूरच्या पेढीत बसून कागदोपत्री ‘मेळ्यातील’ विक्री दाखविण्यास कितीसा वेळ लागला असता? विक्रेता कोण, तो कोठे उभा आहे आणि कोणत्या कार्यालयाला बांधलेला आहे, हे तीन प्रश्न सरकारला अचूक सुचले. कारण तेथे सरकारच्या तिजोरीचा पैसा गुंतलेला होता.

गिऱ्हाइकाचा पैसा गुंतलेला असतो तेथे मात्र ही दक्षता आढळत नाही. पाडवा-दसऱ्याच्या सुमारास आपल्याकडील कोणत्याही तालुक्याच्या गावी पाहावे. शाळेच्या किंवा बाजार समितीच्या मैदानावर दोन-तीन दिवसांचा मांडव पडतो, कर्ज देणाऱ्या संस्थेचा माणूस शेजारीच टेबल टाकून बसतो आणि पगारपत्रकाची प्रत पाहून तिथल्या तिथे होकार मिळतो. ‘आजच नोंदवा, उद्या ही किंमत नाही’ या घोषणेपुढे एखादा शिक्षक वा कारकून विसार देऊन मोकळा होतो. चौथ्या दिवशी मैदान रिकामे असते. गाडीचा रंग बदलला, ठरल्याहून अधिक रक्कम विम्यात घातली गेली किंवा जुन्या गाडीचे मोल ऐनवेळी घटविले गेले, तर हातात राहते ती पावती. तिच्यावर कधी मुख्य विक्रेत्याचे नाव असते, कधी उपविक्रेत्याचे, तर कधी नुसता शिक्का.

कायदा येथे अगदीच मुका आहे असे नव्हे. व्यापार प्रमाणपत्राची व्यवस्था केंद्रीय मोटार वाहन नियमांत १९८९ पासून आहे, आणि नोंदणी न झालेली गाडी प्रदर्शनाच्या वा विक्रीच्या ठिकाणी नेण्या-आणण्याचा प्रसंगही त्या नियमांत धरला गेला. पण त्या तरतुदीची चिंता गाडीच्या रस्त्यावरील प्रवासापुरती. मांडवात काय कबूल केले गेले, हा तिचा विषय नव्हे. वापरलेल्या गाड्यांबाबत २०२२ च्या डिसेंबरात नियम दुरुस्त झाले आणि अशा विक्रेत्यांना परिवहन कार्यालयाचे प्राधिकारपत्र घेण्याचे बंधन आले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. २०२५ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने व्यापार प्रमाणपत्राविना चालणाऱ्या विद्युत दुचाकींच्या दुकानांवर कारवाईही केली. तथापि, ज्या दुकानाला पत्ता आहे, त्यालाच टाळे ठोकता येते.

मैदानातील विक्रीने स्पर्धा वाढते, आडगावच्या माणसाला चार गाड्या एका जागी पाहावयास मिळतात, शहराच्या खेपा वाचतात, असे विक्रेते म्हणतात. ते खरे आहे, आणि म्हणूनच बंदीची मागणी अनाठायी ठरेल. ग्राहकाने न्यायालयात जावे, असेही कोणी सुचवील. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागण्याची सोय दिली आहे, हेही खरे. मात्र प्रतिवादी कोण, हे तक्रारीत लिहावेच लागते. आणि घोडे अडते ते नेमके तेथेच.

अमेरिकेतील अनेक राज्यांत दुकानाबाहेरच्या विक्रीसाठी विक्रेत्याला वेगळा, मुदतीचा परवाना घ्यावा लागतो. इतके दूर जाण्याचीही गरज नाही. ग्वाल्हेरच्या अटी हाताशी आहेत. करसवलत असो वा नसो, मांडव घालण्यापूर्वी विक्रेत्याने स्थानिक परिवहन कार्यालयाला लेखी कळवावे. त्या कार्यालयाने दिलेला क्रमांक आणि मुख्य विक्रेत्याचा कायमचा पत्ता मांडवाच्या दर्शनी भागी व प्रत्येक पावतीवर छापलेला असावा. गाडीची किंमत, कर, विमा आणि इतर आकार निरनिराळे लिहून दिल्याखेरीज विसार घेऊ नये, आणि उपविक्रेत्याने दिलेला शब्द मुख्य विक्रेत्यावर बंधनकारक असावा. यासाठी नवे खाते नको की नवी इमारत नको. येत्या दसऱ्याचे मांडव पडण्यापूर्वी परिवहन आयुक्तांनी एक परिपत्रक काढून निदान आगाऊ सूचनेची आणि पावतीची अट घालण्यास हरकत नसावी.